चान्स घेण्याआधीचे तीन महिने

बाळ हवंय असं ठरलं की बहुतेक जोडपी कॅलेंडर उघडून पाळीच्या तारखा मोजायला बसतात. तयारी मात्र त्याच्या तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, आणि मग नलिकेतून सरकत पोहण्याइतका पक्का व्हायला त्याला आणखी दीड-दोन आठवडे जातात. स्त्रीबीजं बीजकोषात जन्मापासून असतात. पण जे बीज या महिन्यात बाहेर पडणार, ते आधीचे जवळपास तीन महिने वाढीच्या शेवटच्या टप्प्यात असतं. त्यामुळे मागच्या महिन्यातला ताप, जागरणं, सिगारेटी यांचा हिशोब या महिन्यातही चालूच असतो. आज बदललेल्या सवयीचा परिणामही लगेच दिसत नाही. म्हणून आठ दिवस सॅलड खाऊन वजनकाट्याकडे आणि टेस्ट किटकडे बघत बसण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. आहाराने आणि सवयींनी बरंच सुधारतं, पण सगळं नाही. जन्माच्या वेळी मुलीच्या बीजकोषात १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात, वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि पुढे ती कमीच होत जातात. ही संख्या वाढवणारं अन्न, काढा किंवा गोळी अस्तित्वात नाही. बंद झालेली गर्भनलिका सुक्या मेव्याने उघडत नाही. बीज वेळच्या वेळी बाहेर पडणं, शुक्राणूंचा दर्जा आणि दिवस राहिल्यावरचे पहिले नाजूक आठवडे, या तीन गोष्टींवर मात्र तुमच्या रोजच्या वागण्याचा प्रभाव पडतो. तेवढ्यासाठी मेहनत घ्यायची.

पहिली पायरी: फॉलिक ॲसिड, आजपासूनच

बाकी सगळं हळूहळू केलं तरी चालेल, ही गोळी मात्र लगेच सुरू करा. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींनी तोवर टेस्टही केलेली नसते. 'दिवस राहिले की डॉक्टर देतीलच गोळ्या' असं म्हणून थांबलात, तर जिच्यासाठी ती गोळी आहे ती वेळ निघून गेलेली असते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधीच्या बाळात ही नळी नीट न मिटण्याचा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. इथे गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर नीट वाचा. दुकानात बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, नेहमीच्या गरजेच्या बारा पटींहून जास्त. ही जास्त ताकदीची गोळी आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल, फिट्सची काही औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर सांगून देतात. 'जास्त घेतली तर जास्त फायदा' हा हिशोब इथे चालत नाही. जास्त फॉलिक ॲसिडमुळे बी-१२ ची कमतरता रक्ततपासणीत झाकली जाऊ शकते आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालू राहतं. शाकाहारी असाल तर बी-१२ एकदा तपासूनच घ्या. वनस्पतीजन्य अन्नात ते जवळजवळ नसतंच.

पालेभाज्या आणि कडधान्यांत नैसर्गिक फोलेट असतं, ते खायचंच. पण शिजवताना त्यातलं बरंच नष्ट होतं, म्हणून भाजीच्या भरवशावर गोळी टाळू नका.

दुसरी पायरी: डॉक्टरांची एक भेट, औषधांच्या यादीसकट

यात नवीन काही नाही, पण टाळाटाळ सगळ्यात जास्त इथेच होते. हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, रक्तदाब, रक्तगट एवढं तरी बघून घ्या. थॅलेसेमियासारख्या आनुवंशिक आजारांची तपासणी दोघांनी करून घेणं शहाणपणाचं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आत्ताच वर आणायचं, कारण गरोदरपणात लोहाची गरज वाढते आणि तेव्हा भरपाई करणं जड जातं. मधुमेह असेल तर एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६.५ च्या खाली येईपर्यंत थांबायला सांगतात. सुरुवातीच्या आठवड्यांत शुगर जास्त राहिली तर बाळाच्या अवयवांत दोष राहण्याचा धोका वाढतो. रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का तेही विचारा. नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं आणि गरोदरपणात ही लस देता येत नाही.

जाताना दोघांच्याही चालू औषधांची यादी लिहून न्या, त्वचेच्या आणि केसांच्या गोळ्यांसकट. मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. फिट्सचं व्हॅलप्रोएट, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, रक्तदाबाची 'प्रिल' किंवा 'सार्टन' ने संपणारी औषधं गर्भाला घातक ठरू शकतात आणि डॉक्टर त्यांच्याऐवजी दुसरी देऊ शकतात. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. फिट्सचं औषध अचानक थांबवून फिट आली, तर तो धोका औषधापेक्षा कमी नसतो.

तिसरी पायरी: ताट

'फर्टिलिटी डाएट' या नावाने जे काही विकलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा धागा अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडी या अभ्यासापर्यंत जातो. सुमारे १७,५०० स्त्रियांच्या खाण्याच्या नोंदी आठ वर्षं ठेवल्या होत्या आणि २००७ मध्ये त्यावर लेख आले. ज्यांच्या आहारात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना, म्हणजे हायड्रोजनेट करताना, तयार होणारी घातक चरबी) कमी, वनस्पतीजन्य प्रथिनं जास्त, हळूहळू पचणारी पिष्टमय धान्यं जास्त आणि लोह व जीवनसत्त्वं पुरेशी होती, त्यांच्यात बीज बाहेर न पडण्याच्या तक्रारी बऱ्याच कमी दिसल्या. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. अमुक खाल्लं म्हणून दिवस राहिले, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण सल्ला बिनखर्चाचा आहे आणि हृदयासाठीही तोच दिला जातो, म्हणून मला तो पटतो.

तो अंमलात आणायचा तर नवे महागडे पदार्थ आणण्याआधी घरात काय येतं ते बघा. बिस्किटं, क्रीम रोल, तयार फरसाण, पाकिटातली बेकरी, जे हाताला लागेल ते उलटं करा आणि घटकांची ओळ वाचा. तिथे 'हायड्रोजनेटेड' हा शब्द पहिल्या तीन-चार घटकांत असेल, तर ते पाकीट पुन्हा आणायचं नाही. 'शून्य ट्रान्स फॅट' असं पुढे मोठ्या अक्षरात छापलेलं असलं तरी मागची ओळ वाचाच. एका वाढपातलं प्रमाण ठरावीक मर्यादेखाली असेल तर शून्य लिहिण्याची मुभा अनेक ठिकाणी असते, आणि आपण एका वाढपावर थांबतो थोडेच.

मग ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं, एक चतुर्थांश पूर्ण धान्य, एक चतुर्थांश प्रथिनं. रोजच्या मांसाहारातला काही भाग डाळी, कडधान्यं, सोयाबीन यांच्यावर न्या. पुरुषांनी सोयाला घाबरण्याचं कारण नाही. नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही. अंडी चालतील. मासे आठवड्यातून दोनदा खाल्लेले उत्तम, फक्त शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन यांसारखे मोठे शिकारी मासे टाळा. त्यांच्यात पारा साठतो आणि तो शरीरातून निघायला महिने लागतात. यकृत म्हणजे कलेजी बाईने या काळात बंद ठेवावी, आणि रेटिनॉल असलेल्या 'ए' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही. त्याचं अति प्रमाण गर्भाला बाधतं.

लोह वनस्पतीतून घेत असाल तर त्यासोबत लिंबू, संत्रं, टोमॅटो असं काही आंबट ठेवा, शोषण चांगलं होतं. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतल्याने नेमकं उलटं होतं, तेव्हा जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. या एका बदलाने गोळी न खाताही किती लोह मिळतं, हे अनेकींना माहीतच नसतं.

आयोडीनसाठी साधं आयोडीनयुक्त मीठ पुरतं. गुलाबी, काळं, खडे असं फॅशनेबल मीठ वापरत असाल तर त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणात ती २५० वर जाते. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे कॉफीचे दोन साधे कप किंवा चहाचे अडीच मग. त्यात कोला आणि एनर्जी ड्रिंकही मोजायची.

चौथी पायरी: वजन, पण घाई न करता

चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन बनवतात. चरबी खूप वाढली की मेंदूला चुकीचे संदेश जातात आणि बीज वेळेवर बाहेर पडत नाही. फार कमी असेल तर मेंदू उपासमार समजून ही यंत्रणाच बंद करतो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली असेल, पाळी लांबत किंवा थांबत असेल आणि व्यायाम जोरात चालू असेल, तर इथे इलाज वजन वाढवणं आणि व्यायाम कमी करणं हा आहे. हे ऐकायला बऱ्याच जणींना आवडत नाही.

पीसीओएस (हार्मोन बिघडून बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा त्रास) असून वजन जास्त असेल, तर सगळं वजन उतरवायची गरज नसते. ५ ते १० टक्के कमी झालं तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. ८० किलोच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो, म्हणजे आवाक्यातली गोष्ट. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं, सायकल किंवा पोहणं, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका. त्या काळात शरीरात पोषणाचा साठाच उरत नाही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण वर्ष ते दीड वर्ष थांबायला सांगतात.

आता याची दुसरी बाजू. नेदरलँड्समध्ये वजन जास्त असलेल्या आणि दिवस न राहणाऱ्या ५७७ स्त्रियांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. निम्म्या जणींना आधी सहा महिने आहार-व्यायामाचा कार्यक्रम, बाकीच्यांना लगेच उपचार. कार्यक्रमातल्या जास्त जणींना आपोआप दिवस राहिले; पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, नैसर्गिक प्रसूतीने झालेलं निरोगी बाळ त्यांच्यात काही जास्त झालं नाही, उलट थोडं कमीच. माझ्या मते याचा अर्थ असा, की पंचविशी-तिशीत असाल तर वजनाला सहा महिने द्यायला हरकत नाही. ३७-३८ वय असेल तर 'आधी दहा किलो उतरवा, मग या' असं कुणी सांगितलं तरी दुसरं मत घ्या. वय थांबत नाही.

पाचवी पायरी: नवरोबा

मूल होत नाही म्हटलं की सगळ्या तपासण्या, गोळ्या, पथ्यं बाईच्या वाट्याला येतात. प्रत्यक्षात मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. म्हणून हा भाग नवऱ्याने स्वतः वाचावा, बायकोने वाचून दाखवू नये.

वृषण शरीराबाहेर असतात याला कारण आहे: त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागतं. मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, गरम पाण्याचे टब, सॉना, घट्ट चड्डी, भट्टीजवळचं काम, हे सगळं तिथली उष्णता वाढवतं. जोराचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने वीर्यतपासणीचा रिपोर्ट खराब येऊ शकतो; घाबरून न जाता तीन महिन्यांनी पुन्हा करा.

जिममधलं एक धोक्याचं काम म्हणजे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं आणि स्नायू वाढवणारी स्टिरॉइड्स. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू वृषणांना आदेश देणं थांबवतो आणि शुक्राणूंची संख्या शून्यावर जाऊ शकते. बंद केल्यावर ती परत यायला काही महिने, कधी वर्षभरही लागतं. पिळदार दंड आणि शून्य शुक्राणू हा रिपोर्ट डॉक्टरांना नवा नाही. डॉक्टरांना हे खरं सांगा, नाहीतर ते कारण शोधत बसतात.

पुरुषांसाठीच्या 'पॉवर' गोळ्यांत बहुधा झिंक आणि फॉलिक ॲसिड असतं. अमेरिकेत २३७० जोडप्यांवर याची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. सहा महिने गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी ३४ टक्के बाळं, औषध नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी ३५ टक्के. वीर्यही सुधारलं नाही. तेव्हा हे पैसे वाचवा. अक्रोडावरच्या एका लहान चाचणीत रोज ७५ ग्रॅम खाणाऱ्या तरुणांचे शुक्राणू थोडे जास्त चपळ आणि जास्त चांगल्या आकाराचे झाले होते. बाळं किती झाली, ते त्यात बघितलंच नव्हतं. आवडत असतील तर खा, औषध म्हणून नको.

सिगारेट, दारू, झोप, आणि ते 'टेन्शन'

तंबाखू कोणत्याही रूपात दोघांनीही सोडायची. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा एक ते चार वर्षं आधी जाते, आणि पुरुषाच्या शुक्राणूतला डीएनए तुटतो. एकाने सोडली आणि दुसरा घरात ओढत राहिला तर धूर दोघांच्याही फुफ्फुसांत जातो. दारूची गर्भासाठी सुरक्षित अशी मात्रा ठरवता आलेली नाही. दिवस राहिले की नाही हे कळेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, म्हणून चान्स घेत असताना बाईने शून्य ठेवलेली बरी. झोप सात ते नऊ तास. रात्रपाळी टाळता येत नसेल तर निदान झोपेची वेळ एकसारखी ठेवा.

'टेन्शन घेऊ नकोस म्हणजे राहील' हा सल्ला मात्र कुणी कुणाला देऊ नये. ताणामुळेच मूल होत नाही असं म्हणण्याइतका ठोस पुरावा नाही, आणि हे ऐकणाऱ्या बाईवर दोष आणि ताण दोन्ही येतात. ताण कमी करायचा तो जगणं सोपं व्हावं म्हणून. घरच्यांच्या 'काय मग, गोड बातमी कधी?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते दोघांनी आधीच ठरवून ठेवलं तरी बराच ताण जातो.

आता तारखा

तीन महिने झाले की कॅलेंडर काढा. बाहेर पडलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भ राहण्याजोगे दिवस सहा: बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. त्यानंतरचा दिवस उशिराचा.

गोंधळ होतो तो 'चौदाव्या दिवसा'मुळे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. पाळी २८ दिवसांची असेल तर हा चौदावा दिवस. ३४ दिवसांची असेल तर विसावा. अशी बाई महिनोन्‌महिने चौदाव्या दिवसावर भरवसा ठेवून चुकत राहते. ॲपचा अंदाजही तुम्ही दिलेल्या तारखांवरच बेतलेला असतो.

शरीराची खूण जास्त भरवशाची. बाथरूममध्ये पुसताना स्राव बोटांवर घ्या आणि बोटं हळूच लांब करा. पाळीनंतर काही दिवस तो कोरडा किंवा चिकट, पांढुरका असतो आणि लगेच तुटतो. बीज बाहेर पडायच्या सुमारास तो पारदर्शक, ओला, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा होतो आणि न तुटता चांगला ताणला जातो. हेच ते दिवस. लघवीत एलएच (बीज बाहेर पडण्याआधी वाढणारं हार्मोन) तपासायचं किट पॉझिटिव्ह आलं तर बीज पुढच्या एक-दीड दिवसात बाहेर पडतं. सकाळचं तापमान बीज बाहेर पडल्यानंतर वाढतं, म्हणून त्या महिन्यासाठी त्याचा उपयोग नाही. दोन-तीन महिन्यांचा तक्ता असेल तर तुमची पद्धत कळते.

हे सगळं जमत नसेल तर सोडून द्या आणि महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी एकत्र या. सहाच्या सहा दिवसांत कुठेतरी गाठ पडतेच. शुक्राणू 'साठवून' ठेवण्यासाठी आठ-दहा दिवस दूर राहण्याचा काही फायदा नाही, नुकसानच. नंतर पाय वर करून पडून राहण्याने काही फरक पडतो असंही दिसलेलं नाही. लुब्रिकंट वापरत असाल तर शुक्राणूंना चालेल असं लिहिलेलंच घ्या. साधी जेल आणि लाळही त्यांची हालचाल मंदावतात.

आणि लगेच नाही राहिले म्हणून खचू नका. विशीतल्या आणि तिशीच्या सुरुवातीच्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात साधारण चारात एक एवढीच शक्यता असते. वर्षभरात मात्र दहापैकी आठांहून जास्त जोडप्यांना दिवस राहतात.

बाईचं वय ३५ च्या आत असेल तर नियमित प्रयत्नांचं एक वर्ष, ३५ च्या पुढे सहा महिने, चाळिशीत असाल तर थेट डॉक्टरांकडे. पाळी अनियमित असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) झालेला असेल, नवऱ्याची वृषणांची शस्त्रक्रिया किंवा मोठेपणी गालगुंड झालेले असतील, तर वाट बघूच नका. जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, औषधांची यादी आणि नवऱ्याला सोबत न्या. वीर्यतपासणी स्वस्त, विनावेदनेची आणि सुरुवातीलाच करायची असते. बाईच्या नळ्यांची तपासणी त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत वीर्यतपासणीची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल अशी दिली आहे. 'चांगल्या आकाराचे फक्त ४ टक्के' असं वाचून हबकू नका, तिथे ४ टक्के ही सामान्य मर्यादाच आहे. आधीच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, आणि एकाच रिपोर्टवर निकाल लावायचा नाही.